बाळ्याला जिन्याखालून बाहेर काढा : जिम ट्रेनर कोर्स चालवणाऱ्यांना जुन्या विद्यार्थ्याचं खुलं पत्र

मा. संचालक मंडळ, आणि सर,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या २०१६ च्या बॅचचा. एप्रिल ते जुलै, तेव्हा कोर्स तीन महिन्यांचा होता, वर्ग बंद पडलेल्या काजू फॅक्टरीच्या वरच्या मजल्यावर भरायचा, पत्रा गळायचा आणि मॅडम शिकवता शिकवता मध्येच थांबून म्हणायच्या, अरे बादली बघा कोणीतरी. तुम्हाला मी आठवत नसेन. दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसायचो आणि आंब्याच्या सीझनमध्ये मधूनमधून गायब असायचो, तो मी. आता नऊ-दहा वर्षं रत्नागिरीत पर्सनल ट्रेनिंग करतोय, त्यावरच घर चालतं. हे आधी सांगतोय कारण पुढचं वाचून वाटेल की कोणी बाहेरचा टीका करतोय. बाहेरचा नाही, तुमच्याच सर्टिफिकेटवर जेवतोय.

मागच्या महिन्यात मावसभावाची ॲडमिशन घ्यायला त्याला घेऊन आलो होतो. काउंटरवर नवीन माहितीपत्रक मिळालं, चकचकीत कागद, त्यावर सिक्स पॅकवाला माणूस, जो नक्की आपल्या जिल्ह्यातला नाही. कोर्स आता पंधरा दिवसांचा. शरीररचना आणि शरीरक्रिया, म्हणजे आमच्या वेळी ज्याला नुसतं ॲनाटॉमी म्हणायचो ते, "ऐच्छिक, रेकॉर्डेड व्हिडिओ, ४० मिनिटं, इंग्रजीत". आणि जी जागा मोकळी झाली तिथे चार दिवस "क्लायंट क्लोजिंग आणि सप्लिमेंट सेल्स". मी विचारलं, हे काय? तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर मार्केटला तेच लागतं, हाडांची नावं पाठ करून कोणाचे ॲब्स आलेत का. सगळे हसले. खरं सांगतो, मी पण हसलो.

मग बाहेर पडताना जिन्याखाली बाळ्या दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाळ्या म्हणजे आमच्या वर्गातला प्लास्टिकचा सांगाडा. डाव्या हाताची दोन बोटं आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचने तोडलेली, त्यामुळे मॅडम पहिल्याच दिवशी सांगायच्या की माणसाची हाडं २०६, बाळ्याची २००, परीक्षेत बाळ्याची मोजून लिहू नका. (एका बोटात तीन हाडं, दोन बोटांची सहा. हा हिशोब मी आजपर्यंत विसरलो नाही, एवढ्यावरून कळेल शिकवणं कसं होतं.) तर तो बाळ्या भिंतीकडे तोंड करून उभा, बरगड्यांना प्रोटीनच्या डब्यांची खोकी टेकवलेली आणि कवटीवर कोणाचा तरी ओला रेनकोट. मी तुम्हाला दोन मेसेज केले, एकदा परत ऑफिसात आलो, भेट झाली नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय. यात कोणाला शिवी नाही, तुमचं नाव पण टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांनी आपापल्या गावचा कोर्स तपासून घ्यावा.

आधी माझीच चूक सांगतो, म्हणजे मी हे एवढं मनाला का लावून घेतलंय ते कळेल.

आमच्या बॅचला हृदय आणि रक्ताभिसरणावर दोन लेक्चरं झाली. दोन्ही मी बुडवली, कारण मामाच्या बागेत पेट्या भरायच्या होत्या आणि तिथे रोजचे पैसे मिळत होते. परीक्षेत मित्राच्या वहीवरून भागलं. २०१८ मध्ये माझ्याकडे एक बँकेतले काका आले, वय ५२, पोट सुटलेलं, बाकी माणूस हसतमुख. मला एकच सूत्र येत होतं, २२० वजा वय. म्हणजे १६८, त्याचे ७० टक्के साधारण ११८, तिथपर्यंत ठोके न्यायचे. काकांना ट्रेडमिलवर चढवलं तर घड्याळ ९६ च्या पुढे जाईना. मी स्पीड वाढवला, ९७. चढ वाढवला, ९८. मी म्हणतोय काका तुम्ही आराम करताय, आत्ता कुठे वॉर्मअप झालाय, आणि काका बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून पाय टाकतायत. मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली. तोंडाचा रंग भिजलेल्या राखेसारखा झाला होता, घाम कपाळावर नाही तर वरच्या ओठावर आला होता, आणि ते अगदी हळू म्हणाले, जरा बसतो रे. मी मशीन बंद केलं तेव्हा घड्याळात ९९ होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं, तुम्ही गोळ्या विचारल्या होत्या का? काका बीपीसाठी जी गोळी घ्यायचे ती बीटा ब्लॉकर होती. ती गोळी हृदयाला सावकाश धडधडायला लावते. माणूस कितीही दमला तरी ठोके फारसे वर जात नाहीत, म्हणजे मी ज्या आकड्याच्या मागे लागलो होतो तो आकडा त्या माणसाला यायचाच नव्हता. आणि २२० वजा वय हा मुळात सरासरीचा ढोबळ अंदाज आहे, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. हे सगळं त्या दोन बुडवलेल्या लेक्चरांमध्ये होतं. मित्राच्या वहीत मी नंतर शोधलं, एका ओळीत लिहिलेलं होतं, "बीपीची गोळी असेल तर नाडी बघू नका, बोलायला लावा". म्हणजे चालताना माणसाला बोलता येतंय पण आरती म्हणता येत नाही, तर ती मध्यम मेहनत. दोन शब्दांत दम तुटतोय तर जास्त झालं. याला घड्याळ लागत नाही.

काका आज व्यवस्थित आहेत, अजून माझ्याकडेच येतात, मोठ्या मनाचा माणूस. पण मी दोन तास बुडवले त्याची किंमत त्यांनी मोजता मोजता राहिली, आणि तुम्ही आता अख्खा विषयच बुडवायला निघालात.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली. तुमच्या नव्या पद्धतीने शिकून गेलेल्या एका मुलाने (मुलगा वाईट नाही, मेहनती आहे, नाव घेत नाही) एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला जिममधल्या पहिल्या दिवशी ३०० बैठका मारायला लावल्या, चॅलेंज म्हणून, व्हिडिओ काढून. दुसऱ्या दिवशी पोराला संडासला बसता येईना. ट्रेनर म्हणाला लॅक्टिक ॲसिड साचलंय, अजून शंभर मार, मोकळं होईल. तिसऱ्या दिवशी पोराची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आईने बघितलं म्हणून वाचला, चार दिवस सलाइनवर होता.

ह्याला रॅब्डोमायोलायसिस म्हणतात. नाव अवघड आहे पण गोष्ट सोपी आहे, सवय नसलेल्या स्नायूवर एकदम एवढा भार आला की त्याच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना किडनी अडकते. दुखणं तर सगळ्यांनाच होतं, पण लघवी काळपट तपकिरी झाली की जिम नाही, सरळ हॉस्पिटल. एवढं सगळं त्या ट्रेनरला माहीत असतं तर तिसरा दिवस उजाडलाच नसता.

आणि ते लॅक्टिक ॲसिडचं भूत एकदा गाडून टाका हो. व्यायाम थांबला की तासाभरात लॅक्टेट रक्तातून बरंचसं निघून गेलेलं असतं, त्याचा दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी संबंध नाही. ते दुखणं स्नायूला आलेल्या बारीक इजेचं असतं, एक ते तीन दिवसांत शिगेला जातं आणि ओसरतं. सगळ्यात जास्त दुखतं ते स्नायू भाराखाली लांबत जात असताना काम करतो तेव्हा. रसाळगडावर जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला विचारा, चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात त्या उतरल्यामुळे. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा अंगाचं वजन धरत धरत लांबतो. मॅडमनी हे आम्हाला त्या फॅक्टरीच्या जिन्यावर शिकवलं होतं, एकाला वीस वेळा चढवलं आणि एकाला वीस वेळा उतरवलं (चढणाऱ्याला खाली आणायला पाठुंगळी घेतला होता, त्यावरून झालेला दंगा वेगळा). ४० मिनिटांच्या व्हिडिओत जिना कुठून येणार?

दुसरी तक्रार उकाड्याची. हे कोकण आहे, इथला अभ्यासक्रम इथल्या हवेचा पाहिजे. मे महिन्यात विदर्भातला पाहुणा येतो आणि म्हणतो, तुमच्याकडे ३३-३४ तर आहे, आमच्याकडे ४५. मग दुपारी दोन जिने चढून बसतो डोकं धरून. घाम आला म्हणजे अंग थंड झालं असं नसतं, घाम सुकतो तेव्हा अंग थंड होतं. आपल्याकडे हवाच ओली, घाम सुकत नाही, नुसता टपटपतो. पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काही मिळाला नाही. आपल्या जिमा म्हणजे वर पत्रा, एक एक्झॉस्ट पंखा आणि संध्याकाळी हमखास गेलेली लाइट. त्यात काही ट्रेनर पोरांना रेनकोट घालून भाट्याच्या किनाऱ्यावर पळवतात, दोन किलो उतरलं म्हणून सेल्फी टाकतात. ते दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी, रात्री जेवताना परत येतं. अंगातलं तापमान ३७ च्या आसपास राहावं म्हणून शरीर जिवाचा आटापिटा करत असतं, ते ४० च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात. तेव्हा पंखा, पाणी ओतणं, बर्फ असेल तर बर्फ, मासळीच्या गाडीवरचा असला तरी चालेल, आणि १०८ ला फोन. नवीन बॅचच्या चार पोरांना मी सहज विचारलं, माणूस गरमीने बडबडायला लागला तर काय कराल? तिघं म्हणाले ग्लुकॉन-डी. चौथा म्हणाला, सर तो व्हिडिओ अजून बघितला नाही.

तिसरी गोष्ट खांद्याची, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं खांदेवाली आहेत. मिरकरवाड्याला बोटीवर जाणारे, जाळी ओढणारे, आंब्याच्या दिवसात डोक्याच्या वर क्रेट रचणारे.

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलंय, उखळीचा सांधा, चित्र खुब्याचं आणि खांद्याचं. मॅडम म्हणायच्या खुबा ही खरी उखळ, खोल, मुसळ सहज बाहेर येत नाही. खांदा ही उखळ नाहीच, खांदा म्हणजे लिंबू-चमचा. दंडाच्या हाडाचा गोळा म्हणजे लिंबू आणि खवाट्याची (पाठीवरच्या त्या चपट्या त्रिकोणी हाडाची) ती उथळ खळगी म्हणजे चमचा. म्हणून तर हात एवढा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त निखळतो पण तोच. मग हे लिंबू पडत का नाही? चार छोटे स्नायू त्याला चारी बाजूंनी चमच्यात दाबून धरतात, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, मिळून रोटेटर कफ. मॅडमनी खरोखर सगळ्यांच्या तोंडात चमचा दिला होता, वर लिंबू, आणि चालायला लावलं होतं. वर्गात एकाचंही लिंबू टिकलं नाही. मग म्हणाल्या, आता ह्याच लिंबावर तुम्ही साठ किलोचा बार ठेवणार आहात, चमचा आधी नीट धरायला शिका.

पुढे त्यांनी बाळ्याचा (चांगला) हात धरून वर नेला आणि दाखवलं की हात खालून पूर्ण वर जातो ते साधारण १८० अंश, त्यातले १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० खवाटा बरगड्यांवरून फिरल्यामुळे. खवाटा नीट फिरत नसेल तर सगळा भार सांध्यावर. मग दिवसभर जाळी ओढून ज्याचे खांदे पुढे वाकलेत, छाती आवळलीय, त्याला आल्या आल्या मानेमागून बार खाली घ्यायला लावला तर काय होणार? माझ्याकडे असाच एक तांडेल (बोटीवरचा मुख्य खलाशी) आला, दुसऱ्या जिममधून, हात बाजूने वर नेताना मध्येच एका ठिकाणी कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. आधीच्या ट्रेनरने त्याला सांगितलेलं, खांदा कमजोर आहे, वजन वाढव. मी त्याचा शर्ट काढायला लावला, मागे उभा राहिलो आणि म्हटलं दोन्ही हात हळूहळू वर घ्या. उजवा खवाटा डाव्याच्या आधीच कानाकडे उचलला जात होता, अगदी उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मी काही डॉक्टर नाही, मी त्याला फिजिओकडे पाठवला. त्यांनी सांगितलं ते आम्ही अडीच महिने केलं, रबर बँड, भिंतीवर हात सरकवणं, पाठीच्या वरच्या भागाचं काम, बारला हात नाही. आता तो बोटीवर आहे. मी काय केलं? काही नाही, मागे उभं राहून बघितलं. पण कुठे बघायचं ते मला बाळ्याने शिकवलं होतं.

कंबरेचं थोडक्यात. मणके ३३, त्यातले मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, खालचे जोडलेले. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे उकडीचा मोदक, बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. भार घेऊन पुन्हापुन्हा कमरेतून वाकलं की सारण मागे सरकायला बघतं, आणि मागेच नसा आहेत. आता काही लोक ह्यावरून घाबरवतात की वाकूच नका, ते पण चूक. पाठ वाकण्यासाठीच आहे आणि हळूहळू वाढवलेल्या भाराने ती मजबूत होते. भार किती, कितीदा, किती दमलेला असताना, हे कळायला पाहिजे. ते माहीत नसलेला ट्रेनर एकतर कंबर मोडतो नाहीतर माणसाला आयुष्यभर घाबरट करतो.

चौथी, साखर. आपल्या प्रत्येक जिममध्ये डायबेटिसवाले आहेत, इन्सुलिनवाले पण आहेत. स्नायू काम करायला लागला की इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून तर व्यायाम त्यांना एवढा चांगला. पण म्हणूनच इन्सुलिन टोचून, नाश्ता न करता सकाळी सहाला येणाऱ्या माणसाची साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, चिडचिड, भलतंच बोलणं. तेव्हा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. मी काउंटरवर साखरेची बरणी ठेवली तर मालक म्हणाले जिममध्ये साखर? लोक काय म्हणतील. म्हणू देत.

पाचवी तक्रार भाषेची आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. तुमच्याकडे येणारी पोरं कुठली? लांजा, राजापूर, गुहागर, मराठी शाळेतली. आईबाप आंब्यात, मासळीत, नाहीतर मुंबईला. त्यांना पोटरी कळते, मांडी कळते, खुबा कळतो, बरगडी कळते. तिथून सुरू करून गॅस्ट्रोक्नेमियस (तोच पोटरीचा स्नायू) पर्यंत नेता येतं, मॅडमनी आम्हाला नेलंच की. तुम्ही त्यांना परदेशी उच्चारातला इंग्रजी व्हिडिओ देता आणि मग म्हणता, पोरांना ॲनाटॉमीत इंटरेस्ट नाही.

बाकी बारीकसारीक पण आहे. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही हे माहीत असलेला ट्रेनर पोट कमी करायचा पट्टा विकू शकत नाही, आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाढलेली ताकद बरीचशी मेंदू आणि मज्जातंतू स्नायूला नीट हाक मारायला शिकल्यामुळे असते हे माहीत असलेला ट्रेनर ते श्रेय प्रोटीनच्या डब्याला देत नाही. ॲनाटॉमी का काढली असेल, असा प्रश्न मला कधीकधी रात्री पडतो. सोडा.

आता तुमची बाजू पण मला दिसते. तीन महिने रोज येणं हे कमावत्या पोराला परवडत नाही, मला स्वतःला परवडलं नाही म्हणून तर ती दोन लेक्चरं गेली. आणि जुन्या अभ्यासक्रमात फालतू भरताड पण होतं, मनगटातल्या आठ हाडांची नावं पाठ करून मी आजपर्यंत एकदाही वापरली नाहीत. काढा ना ते. कवटीची हाडं काढा. पण हृदय काढू नका हो, खांदा काढू नका, घाम काढू नका.

मागण्या सरळ आहेत.

शरीररचना आणि शरीरक्रिया सक्तीची करा, समोरासमोर, मराठीत, कमीत कमी ४० तास. शनिवार-रविवार घ्या, दोन महिने पुरतात, कोणाचा रोज बुडणार नाही. शिकवायला फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आणा, सप्लिमेंटचा एजंट नको. परीक्षा लेखी नको, माणूस समोर उभा करून घ्या, ह्याची नाडी शोध, खवाटा दाखव, हा म्हणतो छातीत जड वाटतंय आणि डावा हात भरून आलाय, काय करशील. ज्याला सापडलं तो पास.

छाती दाबायचं शिकवा, पुतळ्यावर, प्रत्येकाला घाम फुटेपर्यंत. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० वेळा दाबून २ श्वास. आम्हाला एकदाच दाखवलं होतं, तेवढ्याने हात बसत नाही.

नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी विचारायच्या प्रश्नांचा एक मराठी कागद करा. बाहेर सात प्रश्नांची ती पार-क्यू नावाची यादी कित्येक वर्षं वापरात आहे, हृदयाचा त्रास सांगितलाय का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्याचं काही आहे का, गोळ्या चालू आहेत का, असल्या गोष्टी. मी माझ्यापुरता केलाय, फुकट घ्या, खाली तुमचा लोगो टाका, हरकत नाही.

गेल्या दोन बॅचेसच्या पोरांना परत बोलवा आणि राहिलेलं फी न घेता शिकवा. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे भरलेत आणि ती आज लोकांच्या मानेमागून बार खाली घेतायत.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर सर्टिफिकेटवर एक ओळ छापा, "या विद्यार्थ्याने शरीररचना शिकलेली नाही". गिऱ्हाईक वाचेल आणि ठरवेल.

शिकवायला माणूस मिळत नाही म्हणाल तर मॅडमशी मी बोललोय, त्या रविवारी यायला तयार आहेत, मानधन तुम्ही ठरवा असं म्हणाल्या. मी स्वतः त्यांच्या हाताखाली फुकट उभा राहीन, बादली धरायला सुद्धा.

दिवाळीनंतरच्या बॅचच्या आधी उत्तर द्या. मावसभावाची ॲडमिशन मी तोपर्यंत थांबवली आहे, तो रोज विचारतो.

आणि बाळ्या खरंच नको असेल, भंगारात जाणार असेल, तर मला एक फोन करा. टेम्पो मी आणतो. फक्त खोकी उचलताना बरगड्या सांभाळा, डावीकडची सातवी आधीच तारेने बांधलेली आहे, ती आमच्या बॅचने तोडली होती.

आपला,
२०१६ च्या बॅचचा, दुसऱ्या रांगेतला
रत्नागिरी